पांढरा रोग : चापेकचे नाटक पडद्यावर येताना

नेपथ्यशाळा (धागाकर्ता)

कारेल चापेक हे नाव मराठी वाचकाला बहुधा ‘रोबो’ या एका शब्दामुळे माहीत असते. तो शब्द चापेकच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला आणि तो त्याला सुचवला होता त्याच्या भावाने, चित्रकार योसेफ चापेकने. मला मात्र आज त्यानंतर सतरा वर्षांनी आलेल्या एका नाटकाबद्दल लिहायचे आहे. ‘बीला नेमोत्स’, म्हणजे ‘पांढरा रोग’, या नाटकाचा पहिला प्रयोग २९ जानेवारी १९३७ रोजी प्रागमधल्या इस्टेट्स थिएटरात झाला. मोझार्टचा ‘डॉन जोव्हान्नी’ १७८७ मध्ये पहिल्यांदा सादर झाला, तेच हे नाट्यगृह. त्याच वर्षी २१ डिसेंबरला या नाटकावरचा चित्रपट प्रदर्शित झाला. म्हणजे रंगमंचावरचा रंग अजून वाळलाही नव्हता, तोच नाटक पडद्यावर आले होते. चित्रपटाचा दिग्दर्शक होता हुगो हास, आणि नाटकात डॉक्टर गालेनची मुख्य भूमिका करणाराही तोच. हुकूमशहा मार्शलचे काम रंगमंचावर आणि पडद्यावर दोन्हीकडे झ्देनेक श्त्येपानेकने केले.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. एका अनाम देशात चीनमधून आलेली एक साथ पसरते. अंगावर संगमरवरासारखा थंडगार पांढरा डाग उठतो, त्या जागी स्पर्श कळेनासा होतो आणि मग माणूस जिवंतपणीच सडत मरतो. हा रोग होतो तो पंचेचाळीस-पन्नाशीच्या आसपास पोहोचलेल्या आणि त्यापुढच्या माणसांना. तरुणांना तो शिवतही नाही. गरिबांचा एक साधा डॉक्टर, गालेन, त्यावरचे औषध शोधून काढतो आणि प्राध्यापक सिगेलिउसच्या नामांकित रुग्णालयातल्या तेरा नंबरच्या खोलीत, फुकट उपचार घेणाऱ्या रुग्णांवर, ते यशस्वी करून दाखवतो. औषधाची कृती मात्र तो कुणालाही सांगत नाही. त्याची अट एकच आहे : जगातल्या सत्ताधाऱ्यांनी युद्ध कायमचे सोडून द्यावे. गरिबांवर तो विनाअट उपचार करतो, कारण त्यांच्या हातात काहीच नसते. श्रीमंतांना तो नकार देतो, कारण ते सत्तेवर दबाव आणू शकतात. शस्त्रांचे कारखाने चालवणाऱ्या बॅरन क्र्यूगला डाग दिसतो, तेव्हा तो भिकाऱ्याच्या वेषात गालेनकडे जातो. शेवटी स्वतः मार्शललाच रोग होतो. त्याने युद्ध सुरू केलेले असते, पण जगण्यासाठी शांतता मान्य करायला तो तयार होतो आणि गालेनला बोलावणे जाते. वाटेत युद्धाच्या घोषणा देणारा जमाव गालेनला तुडवून मारतो आणि त्याच्या पिशवीतले औषध पायांखाली चुरडले जाते. नाटक तिथेच संपते.

चित्रपट हा शेवट बदलतो. गालेन मरतोच, पण औषधाचे रहस्य त्याच्याबरोबर मरत नाही. त्याचा सहकारी डॉक्टर मार्टिन याच्याकडे ते उरते. माझे म्हणणे असे आहे, की हा चित्रपट नाटकाची भाषा, नट आणि बहुतेक प्रवेश इतक्या निष्ठेने जपतो, की ही एकच दुरुस्ती सगळ्या रचनेला धक्का देते. जमावाने स्वतःचाच जीव वाचवणारी वस्तू आपल्याच पायांखाली चिरडली, हे चापेकच्या नाटकाचे टोक आहे आणि ते बोथट झाले आहे. तुमचे मत वाचायला आवडेल.

विंगेतून

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी अनेक वर्षे हौशी रंगभूमीवर प्रॉम्प्टिंग आणि नेपथ्य या दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. त्यामुळे हा चित्रपट पाहताना माझे लक्ष सतत एकाच गोष्टीकडे जात होते : नटांना संवाद इतके मुरलेले आहेत, की कॅमेऱ्यासाठी वेगळे काही करण्याची गरज त्यांना वाटलेली नाही. सिगेलिउस झालेल्या बेद्र्जिख कारेनचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायच्या सवयीचा आहे आणि मायक्रोफोन दोन हातांवर असतानाही तो त्याच पट्टीत बोलतो. या चित्रपटाला कोणी ‘चित्रित केलेले नाटक’ म्हणून नाक मुरडले, तर त्यात काही अंशी तथ्य आहे हे मला मान्य आहे.

पण हास स्वतः मात्र पट्टी उतरवून बोलतो. त्याचा गालेन खांदे पाडून, टोपी हातात धरून, जवळजवळ पुटपुटत बोलतो, आणि समोरचा माणूस जितका मोठ्याने बोलेल तितका हा खाली उतरतो. नाट्यगृहात असे बोलणे धोक्याचे असते, कारण पाचव्या रांगेच्या पुढे काही ऐकू जात नाही. ती मुभा त्याला चित्रपटाने दिली आणि त्याने ती पुरेपूर वापरली. मार्शल आणि गालेन समोरासमोर येतात तो प्रसंग केवळ या दोन आवाजांच्या विरोधावर उभा आहे.

हास त्या काळी विनोदी नट म्हणून लोकप्रिय होता, हेही लक्षात घ्यावे लागेल. १९३६ मध्ये त्याने ओताकार व्हाव्राबरोबर फ्रांटिशेक लांगेरच्या एका गाजलेल्या विनोदी नाटकाचा चित्रपट केला होता, म्हणजे रंगमंचावरून पडद्यावर जाण्याची वाट त्याला अगदीच नवी नव्हती. हसवणाऱ्या नटाचा चेहरा प्रेक्षकांच्या ओळखीचा असताना त्याच चेहऱ्याने कुणाची दया न मागता इतके अवघड बोलावे, याचा त्या वर्षीच्या प्रेक्षकावर काय परिणाम झाला असेल, याचा मी बराच वेळ विचार करत होतो.

मोराव्हियाकर

कामानिमित्त मी काही वर्षांपासून ब्रनो शहरात राहतो. हुगो हासचा जन्म याच शहरातला, १९०१ सालचा. चेक मी सावकाश वाचतो, पण हे नाटक मूळ भाषेत वाचले आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट नावाची. नाटकात शस्त्रनिर्मात्याचे नाव क्र्यूग आहे आणि ते ज्या अक्षराने लिहिले जाते, डोक्यावर दोन टिंबे असलेला ‘उ’, ते अक्षर चेक वर्णमालेत नाही. ते जर्मन आहे. नाटक वाचणाऱ्या किंवा जाहिरातीतली नामावली पाहणाऱ्या कोणाही चेक माणसाला तो बॅरन कोणत्या बाजूचा, हे एका अक्षरात कळत होते. चित्रपटात तो ‘क्रोग’ झाला. हे नाव उत्तरेकडच्या कुठल्याही देशात चालून जाईल असे आहे. जानेवारी ते डिसेंबर या काळात एका स्वराने जागा बदलली आणि तेवढ्यात शेजारच्या देशाकडे दाखवलेले बोट खाली आले. शेवट बदलण्याची चर्चा करताना हा छोटा बदलही मोजावा, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट गालेनच्या बोलण्याची. तो जवळजवळ प्रत्येक वाक्यात ‘प्रोसीम’ म्हणतो. चेक लोक हा शब्द दिवसभरात शंभर कामांसाठी वापरतात. विनंती करताना, फोन उचलताना, ‘काय म्हणालात?’ असे विचारताना, आभाराला उत्तर देताना, दार उघडून पुढे व्हा म्हणताना, सगळीकडे तोच शब्द. गालेन जगातल्या सर्वांत शक्तिशाली माणसाला अट घालतो, तीही ‘प्रोसीम’ म्हणत. उपशीर्षकांमध्ये हे बहुतेक गळून जाते आणि मग गालेन आहे त्यापेक्षा कठोर वाटू लागतो. ‘विंगेतून’ यांनी आवाजाबद्दल जे लिहिले त्याचे मूळ संहितेतच आहे.

नाडीपरीक्षा

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि हे नाटक मी २०२० च्या टाळेबंदीत पहिल्यांदा वाचले. तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही, आणि तो नाटकापेक्षा चित्रपट पाहताना अधिक टोचला.

नाटकात एक सामान्य कुटुंब आहे, आणि चापेक त्यांना नावेही देत नाही. वडील, आई, मुलगा, मुलगी, एवढीच त्यांची ओळख. मुलांना वाटते की म्हातारी माणसे मरत आहेत म्हणूनच तरुणांना जागा मिळतील. वरचे अधिकारी रोगाने गेल्यामुळे वडिलांना क्र्यूगच्या कारखान्यात बढती मिळते आणि ते खूश असतात. मग आईच्या अंगावर डाग उठतो. गालेन त्या बाईवर उपचार करायला तयार आहे, मात्र वडिलांनी शस्त्रांच्या कारखान्यातली नोकरी सोडली पाहिजे. वडील ते करू शकत नाहीत. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने, इतकी वर्षे घासून मिळालेली जागा सोडून, कुठे जायचे? इथे समोर हुकूमशहाही नाही आणि कारखानदारही नाही. समोर एक आजारी बाई आहे, जिने काहीच केलेले नाही, आणि ती मरणार आहे.

डॉक्टर म्हणून मला हे सहन होत नाही. रुग्ण कोण आहे हे न पाहता उपचार करायचे, ही आमच्या व्यवसायाची पहिली पायरी आहे, आणि ती पायरी सोडणाऱ्या डॉक्टरला चापेकने गालेन हे नाव द्यावे, प्राचीन ग्रीक वैद्यकाच्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक द्यावे, हे त्याने जाणूनबुजून केले असणार. गालेन युद्धात डॉक्टर म्हणून राहिलेला आहे. त्याने पाहिलेले आहे की आपण एकेका माणसाला शिवतो आणि दुसरीकडे हजारोंना फाडले जाते. त्याचे गणित मला समजते, पण त्या आईच्या उशाशी बसून मी ते गणित मांडू शकणार नाही.

नाटकात हा प्रवेश वाचताना विचार पुढे राहतो. चित्रपटात त्या बाईचा चेहरा समोर येतो आणि गालेनची अट आपल्याही तोंडात कडवट होते. नाटकाचे चित्रपटात रूपांतर झाल्यामुळे काही मिळाले असेल, तर मला ते इथे दिसले. चेहरा जवळ आला, की सिद्धान्तामागे लपता येत नाही.

नेपथ्यशाळा (धागाकर्ता)

@नाडीपरीक्षा, तुमचा प्रतिसाद वाचून मी तो भाग पुन्हा पाहिला. चापेकने नाटकाच्या प्रस्तावनेत लिहिले आहे, की त्याच्या मनात आधी कर्करोग होता आणि नंतर त्याने मुद्दाम कल्पित रोग घेतला. एका डॉक्टर मित्राने त्याला एका वैद्यकीय नायकाची कल्पना सांगितली होती, तिथून हे सुरू झाले. कर्करोग असता तर प्रेक्षकाला आपल्या घरातला रुग्ण आठवला असता आणि गालेनची अट ऐकूनही घ्यावीशी वाटली नसती, असे मला वाटते. रोग कल्पित ठेवून चापेकने थोडे अंतर निर्माण केले. कॅमेऱ्याने ते अंतर पुन्हा कमी केले, हे तुमचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते आणि माझ्या मूळ लेखात ते सुटले होते, हे मान्य करतो.

ओसरीवरचा

मूळ प्रश्नावर माझे मत वेगळे आहे. ‘चित्रपटाने शेवट बोथट केला’ असे म्हणताना आपण १९३७ चा डिसेंबर विसरतो. नाट्यगृहात एका रात्री काहीशे माणसे बसतात. ती संध्याकाळ ठरवून, वर्तमानपत्रात परीक्षण वाचून आलेली असतात आणि घरी जाताना एकमेकांशी वाद घालत जातात. चित्रपट गावोगावच्या पडद्यांवर जातो. ज्या देशाच्या तीन बाजूंना जर्मन सीमा येऊन भिडायला काही महिनेच उरले होते, त्या देशातल्या लोकांना ‘तुमचे औषध तुम्हीच तुडवलेत, आता संपले’ असे सांगून अंधारात सोडून द्यायचे का? हासने डॉक्टर मार्टिनच्या हातात औषध ठेवले, यात मला भित्रेपणा दिसत नाही. त्यात मला प्रेक्षकाबद्दलची काळजी दिसते.

पुढचे सगळे आपल्याला माहीत आहे. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाला, सप्टेंबरअखेर म्युनिकचा करार झाला, आणि २५ डिसेंबर १९३८ रोजी चापेक न्यूमोनियाने गेला. तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, म्हणजे त्याच्या नाटकातल्या रोगाच्या वयाचा. १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये आले. योसेफ चापेक छळछावणीत गेला आणि १९४५ च्या वसंतात बेर्गेन-बेल्सेनमध्ये संपला. ज्यू वंशाच्या हासला देश सोडावा लागला, तो फ्रान्समार्गे अमेरिकेला पोहोचला. त्याचा थोरला भाऊ, संगीतकार पावेल हास, मागेच राहिला आणि १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये आउश्वित्झमध्ये मारला गेला. हे सगळे घडण्याआधीच्या शेवटच्या मोकळ्या हिवाळ्यात ज्यांनी हा चित्रपट केला, त्यांनी एक दार किलकिले ठेवले म्हणून त्यांना मी दोष देऊ शकत नाही.

मोराव्हियाकर

@ओसरीवरचा यांच्या लेखनाने मन जड झाले. त्यांच्याशी मी बराचसा सहमत आहे, तरी एक तुलना मांडतो.

त्याच काळात आणखी एक मोठे चेक नाटक पडद्यावर आले होते, ‘मारिशा’. म्र्श्तीक बंधूंचे हे नाटक १८९४ चे आणि योसेफ रोव्हेन्स्कीचा चित्रपट १९३५ चा. मोराव्हियातल्या खेड्यात एका मुलीचे लग्न तिच्या मनाविरुद्ध विधुर गिरणीवाल्याशी लावून देतात आणि शेवटी ती त्याला कॉफीतून विष देते. तिथे दिग्दर्शकाने नाटक चार भिंतींतून बाहेर काढले. गाव, रस्ते, पोशाख, सण हे सगळे चित्रपटाने आपल्या बाजूने घातले, पण शेवट जिथल्या तिथे ठेवला. मारिशा विष देते, आणि कोणी येऊन तो पेला उलटवत नाही. हासने याच्या नेमके उलटे केले आहे. नाटकाच्या खोल्या, संवाद, नट सगळे जपले आणि टोक हलवले. रूपांतर करणाऱ्याला काहीतरी बदलावेच लागते. बदल पसाऱ्यात करायचा की गाभ्यात, हा निर्णय तेवढा ज्याचा त्याचा असतो. मला रोव्हेन्स्कीचा निर्णय अधिक पटतो.

विंगेतून

जमावाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

रंगमंचावर जमाव दाखवणे हे आमचे कायमचे दुखणे आहे. बारा माणसे घ्या, विंगेतून आरडाओरडा करा, मागच्या पडद्यावर सावल्या पाडा, तरी प्रेक्षकाला माहीत असते की ही बारा माणसे आहेत. मार्शल सज्जात उभा राहून भाषण करतो, छातीवर मूठ आपटतो आणि आत येतो, तेव्हा त्याच्या लक्षात येते की मूठ आपटली ती जागा बधिर आहे. रंगमंचावर या प्रसंगात जमाव फक्त ऐकू येतो, आणि म्हणून सगळे लक्ष मार्शलवर राहते. चित्रपटात जमाव दिसतो. ओट्टो हेलरचा कॅमेरा, जो पुढे ब्रिटनमध्ये गाजला, त्या माणसांच्या डोक्यांवरून सज्जाकडे पाहतो आणि आपण त्यांच्यातलेच एक होऊन वर पाहत असतो. हे रंगमंचाला कधीही जमणार नाही.

म्हणून धागाकर्त्याच्या मुद्द्याला माझी पुष्टी आहे, पण कारण वेगळे. चित्रपटाला जमाव इतका चांगला साधला आहे, की मूळ शेवट पडद्यावर नाटकापेक्षाही भयंकर झाला असता. एवढे सामर्थ्य हातात आल्यावर हास मागे सरला, याची मला खंत आहे. कदाचित त्याने तो जमाव संकलनाच्या टेबलावर पाहिला असेल आणि त्यालाच ते सोसले नसेल.

नाडीपरीक्षा

एक तपशील राहून गेला होता, तो मूळ नाटकातला आहे. गालेनला मारणाऱ्या जमावात पुढे असतो तो मुलगा. तोच, ज्याची आई आजारी पडते. चापेक याबद्दल काहीही स्पष्टीकरण देत नाही. पात्रयादीत ‘मुलगा’ एवढेच लिहिलेले असते आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आपल्या आईचे औषध कोणाच्या पिशवीत होते हे त्या क्षणी त्याला ठाऊकही नसावे. आधी मला वाटत होते की गालेनचा हट्ट हाच नाटकाचा गाभा आहे. धागा वाचता वाचता मत बदलले आहे. त्या मुलाच्या हातून जे घडते ते भरून येऊ नये, म्हणून औषध तिथेच संपायला हवे. डॉक्टर मार्टिनकडे कृती उरली, तर त्या मुलाने एक निरपराध माणूस मारला एवढेच उरते. तेही भयंकर आहेच, पण नाटकात त्याने याहून कितीतरी जास्त मारलेले असते.

ओसरीवरचा

@नाडीपरीक्षा, हा तपशील माझ्या लक्षात नव्हता. यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या हिवाळ्यातल्या प्रेक्षकाबद्दल मी जे लिहिले त्यावर मी ठाम आहे, पण आज, तो प्रेक्षक राहिलेला नसताना, आपण नाटकाकडे परत जावे हे मान्य करतो. दोन्ही एकत्र पाहावीत आणि वाचावीत, हेच बरे.

विंगेतून

आमच्या गटात दर महिन्याला एका नाटकाचे अभिवाचन होते. चौदा दृश्यांचे संपूर्ण नाटक एका बैठकीत झेपणार नाही, पण कुटुंबाची दृश्ये, क्र्यूगची भेट, सज्जा आणि शेवट एवढे घेऊन दीड तासाचा कार्यक्रम होऊ शकेल. शेवट अर्थातच नाटकातला घ्यावा असे या धाग्यावरून ठरवतो आहे. इंग्रजीवरून काम सुरू करता येईल, मात्र ‘मोराव्हियाकर’ यांनी मूळ चेक समोर ठेवून शब्द तपासून दिले तर फार उपकार होतील. ‘प्रोसीम’ साठी ‘कृपया’ वापरले तर गालेन सरकारी पत्रासारखा बोलू लागेल, हे मला आत्ताच ऐकू येते आहे.

मोराव्हियाकर

आनंदाने करीन. ‘कृपया’ नकोच. मी त्या जागा एकेक करून पाहतो आहे. सिगेलिउससमोर तो ‘साहेब, एक विनंती होती’ असे म्हणेल. गरीब रुग्णांशी ‘जरा हात दाखवता का?’ असे बोलेल आणि मार्शलला फोनवर ‘माफ करा, पण’ असे. शेवटी जमावापुढे तो ओरडतो, युद्ध नको, युद्ध होता कामा नये, आणि मध्येच ‘ऐका’ म्हणतो. तिथे मी ‘अहो, ऐका ना’ असे लिहून ठेवले आहे. वाचणाऱ्याने ते ओरडून म्हणू नये, आतापर्यंत तो जसा बोलत आला तसेच, खालच्या पट्टीत म्हणावे.